चौथं कडवं

११ फेब्रुवारी १९८६, मंगळवार

बापूराव गेले. सकाळी अंगणात दात घासता घासता खाली बसले, ते उठलेच नाहीत. जन्मभर पेटी वाजवणारा माणूस आवाज न करता गेला.

पोस्टमास्तरांनी दिलेली ही डायरी आजवर कोरी होती. आज काहीतरी लिहावं वाटलं, आणि बसल्यावर एवढंच सुचलं.

१३ फेब्रुवारी

काल अंत्यविधी झाला. आमचा बौद्ध मोहल्ला तर होताच, पण ढिवर मोहल्लाही झाडून आला. इतवारी ढिवर म्हणाला, आज तलावात एकही जाळं पडणार नाही, आणि नाहीच पडलं. पोंभुर्ण्याहून माणसं सायकलींवर आली. मी एवढा धडधाकट माणूस, अठ्ठावीस वर्षं टपालाची पिशवी खांद्यावर वाहिली, आणि काल मला घरापर्यंत चालवेना.

बाहेरच्या माणसाला समजणार नाही म्हणून लिहून ठेवतो. छप्पन साली बापूराव चंद्रपूरला दीक्षा घ्यायला गेले ते परत येताना पेटी घेऊनच आले. तेव्हापासून गावात लग्न कुणाचंही असो, नवरानवरीवर गाणं बापूरावांचं आणि ढोलकी माझी. गाणं चार कडव्यांचं. पण लग्नात ते तीनच गात. चौथं आलं की पेटीचा भाता बंद करून म्हणत, "हे पाळण्याले." पहिलं लेकरू झालं की बारशाला जाऊन अख्खं गाणं म्हणत, चौथ्या कडव्यासकट. लेकरू नाही झालं तर पाच वर्षांनी आपणहून घरी जाऊन म्हणत, कुणाच्या जिवाला लागू नये म्हणून.

त्यामुळे या गावात प्रत्येक घराला आपलं गाणं आहे. आजीचं गाणं नात धान लावताना, रोवण्यात म्हणते. आमच्या लग्नाचं गाणंसुद्धा चिखलात उभ्या राहून बाया अजून म्हणतात. मी बांधावरून जात असलो की जरा जास्तच जोरात म्हणतात आणि हसतात. मानच आहे तो एक प्रकारचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी चंद्रपूरहून आले होते. वंदना झाली, चार माणसं बोलली, मग मला बोलायला लावलं. मी उभा राहिलो. समोर ती सगळी जोडपी दिसली, ज्यांची चौथी कडवी राहून गेली. अकरा जोडपी. त्यात माझी लेक सत्यशीलाही, तिचं लग्न गेल्याच वर्षी झालं आणि आता तिला सातवा महिना आहे. मी बोलून गेलो की राहिलेली कडवी मी पुरी करीन. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर बायको, धुरपता, म्हणाली, "तुमाले एक तरी कडवं पुरं येते का?"

मी म्हटलं, तीस वर्षं बापूरावांच्या मांडीला मांडी लावून बसलो.

"बसले. वाजवलं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली. बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतंच.

२३ फेब्रुवारी

बापूरावांच्या बायकोकडे, चंदाबाईकडे जाऊन त्यांची गाण्यांची वही मागून आणली. मला वाटलं, चौथी कडवी लिहून ठेवली असतील, आपण फक्त चालीत बसवायची. कसचं काय. प्रत्येक पानावर तीन कडवी, आणि चौथ्याच्या जागी एका बाईचं नाव. इतवारीच्या सुनेच्या, मैनाच्या पानावर लिहिलंय, "मैनाच्या मायले." सत्यशीलेच्या पानावर, "धुरपतावैनीले." आमच्या स्वतःच्या लग्नाच्या पानावर, "वैनीच्या मायले."

पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला. ही जेवणाची यादी आहे. बापूराव खाण्याचे शौकीन. बारशाच्या आदल्या दिवशी कुणाच्या हातचं जेवायचं ते लिहून ठेवत असणार. माझी सासू मरळ मासा रांधायची तसा अख्ख्या मुलखात कुणी रांधत नसे. आणि खरंच, आदल्या दिवशी ते मला ओसरीवर ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसवून सरळ चुलीकडे जात आणि तासभर तिथंच रमत. मी कधी काही बोललो नाही. मोठ्या कलावंताचं एवढं चालायचंच.

२ मार्च

पहिलं काम इतवारीकडचं. त्याचा मुलगा शालिकराम आणि सून मैना यांना मुलगा झाला, नऊ तारखेला बारसं आहे. मी इतवारीच्या ओसरीवर दोन तास बसलो. नाव कधी घेतली, मच्छीमार सोसायटीत सभासद कधी झाला, सगळं विचारून घेतलं. आत मैनाची आई बाळंतपणाला येऊन राहिलेली आहे. ती दोनदा दारापर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली. बहुतेक चहाचं विचारायचं असेल. मी म्हटलं, चहा नको.

९ मार्च, रविवार

फजिती झाली. लिहायची लाज वाटते, पण डायरी आहे, लिहितो. तीन कडवी झकास झाली. बायांनी अशी उचलली की मला बापूराव शेजारी बसल्यासारखे वाटले. मग मी माझं चौथं म्हटलं.

इतवारीचा नातू झाला, तलावाले आनंद झाला,
नावेत बसला, जाळं टाकलं, सोसायटीचा सभासद झाला.

एकीनंही उचललं नाही. मैना पाळण्यापाशी उभी होती, तिनं मान खाली घातली. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. मागून कुणीतरी हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. इतवारी बिचारा म्हणाला, भाऊ, चांगलं आहे जी, माहिती सगळी बरोबर आहे. घुगऱ्या घेऊन घरी आलो.

१० मार्च

आज कुठं गेलो नाही. मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो. बापूरावांची आठवण आली आणि त्यांचा रागही आला. मला इतका जवळचा म्हणायचे आणि काहीच शिकवून गेले नाहीत. म्हणायचे, "देवाजी, तू ताल सांभाळ, बाकीचं मी पाहतो." आता बाकीचं कोण पाहणार?

३१ मार्च

सत्यशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई सोडायला आले होते. भद्रावतीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहेत, कॉलनीत क्वार्टर आहे, निर्व्यसनी माणूस. सोबत टेपरेकॉर्डर आणला. म्हणाले, मामाजी, बारशाला कॅसेट लावून देऊ, तुम्हाला कशाला त्रास. मला रात्री जेवण गेलं नाही.

सत्या जरा वाळली आहे. ट्रंकेत कपडे कमी आणि डी.एड.ची पुस्तकं जास्त. मी म्हटलं, आता कशाला हे ओझं वागवतेस? ती हसली. धुरपता हसली नाही. बाळंतपणाच्या काळजीनं बायांचा स्वभाव चिडका होतो.

१२ एप्रिल

नव्या टपालवाल्यानं सत्याच्या नावाचं लांब खाकी पाकीट आणून दिलं. वर जिल्हा परिषदेचा शिक्का. सत्यानं उघडून पाहिलं आणि ट्रंकेत तळाला ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही बाबा, कागद आहे. सर्टिफिकेट वगैरे असेल. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं, पाकिटावरून मला आतलं कळतं.

संध्याकाळी मायलेकी चुलीपाशी बराच वेळ बोलत होत्या. मी गेलो की गप्प होत. मी तीन वेळा पाणी प्यायला गेलो.

२० एप्रिल

वही परत करायला चंदाबाईकडे गेलो. म्हटलं, वैनी, माझ्यानं हे होत नाही, आणि यात जेवणाच्या यादीशिवाय काही नाही. ती म्हणाली, कोणती यादी? मी वाचून दाखवलं. बाई इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नवरा जाऊन सव्वादोन महिने झाले, पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. त्यामुळे मला रागही येईना.

"भाऊ," ती म्हणाली, "ते जेवाचं नाई, विचाराचं हाये. लग्नात पोरीच्या मायले कोन बोलू देते? नातू झाला का तिले बोलाचा हक्क येते. पन सोयऱ्याच्या घरी जाऊन ती तोंड उघडन का? मंग ती माझ्या बुढ्याले सांगे, आन् बुढा पाळण्यापाशी गाये. पाळण्यापाशी गायलेलं कोनी मोडत नाई."

मी विचारलं, कुणीच नाही?

ती म्हणाली, खुद्द बापूरावांनीही मोडलं नाही. त्यांना लेकरू नाही, तिची आईही लवकर गेली. मग त्यांचं चौथं कडवं तिनं स्वतःच सांगितलं होतं, मले आता दिसत नाही म्हणून. ते हसत हसत गायले आणि महिन्याभरात तिला चंद्रपूरला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं.

तर असं आहे. तीस वर्षं मी ओसरीवर बसून होतो आणि गाणी मागं चुलीपाशी तयार होत होती. मी गावातल्या प्रत्येक दाराशी गेलेला माणूस. दाराच्या आत कधी गेलो नाही.

२२ एप्रिल

काल पहाटेच निघून तीन मैल चालत मैनाच्या आईच्या गावी गेलो. या वेळी मागच्या दारानं. बाई मोहफुलं वाळत घालत होती. मला बघून घाबरली, वाईट बातमी आणली असं वाटलं तिला. जुन्या टपालवाल्याचं हेच दुःख आहे. मी तिच्यासोबत मोहफुलं पसरू लागलो, तेव्हा कुठं बोलली. दोन पोळे झाले, मैनाला माहेरी धाडलं नाही. बारशाच्या वेळी सांगायला म्हणून ती ओसरीच्या दाराशी आली होती. मी म्हटलं होतं, चहा नको.

आज संध्याकाळी इतवारीच्या अंगणात सगळ्यांना बसवलं आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. चौथं असं झालं:

जाळ्यातली मासोळी बी पाणी आठवून राही जी,
पोळ्याच्या सणाले मैना मायची वाट पाही जी.

बायांनी लगेच उचललं. दोनदा, तीनदा म्हटलं. इतवारीनं शालिकरामकडे पाहिलं, शालिकरामनं जमिनीकडे. मग इतवारी म्हणाला, धाडू जी, पोळ्याले धाडू, आठ दिवस राहू दे. मैना घरात पळाली. मला वाटतं रडायला गेली. मी घरी येईपर्यंत तेच गुणगुणत आलो. बापूराव असते तर म्हणाले असते, देवाजी, सूर सोडून बाकी सगळं लागलं.

६ मे

सत्याला मुलगी झाली. सुखरूप. गोरीगोमटी नाही, आमच्यावर गेली आहे. नाव विशाखा ठेवायचं ठरलं. जावयाला तार केली. तार करणारा मी आणि पाठवणारा माझाच जुना पोस्टमास्तर, त्यानं एक शब्द फुकट वाढवून दिला.

१८ मे

पंचवीसला बारसं आहे, रविवारी, फॅक्टरीला सुट्टी म्हणून. जावई आणि विहीणबाई येणार. वहीत लिहिलंच आहे, "धुरपतावैनीले." म्हणून आज मी आमच्या चुलीपाशी जाऊन बसलो. धुरपतानं एकदा माझ्याकडे, एकदा सुपाकडे पाहिलं आणि सूप माझ्याकडे सरकवलं. मी तांदूळ निवडले. मग म्हटलं, सांग ना, सत्याचं चौथं काय करायचं?

ती म्हणाली, "आधी आपलं सांगा. आपल्या गान्याचं चौथं काय होतं?"

आमचं चौथं म्हणजे सत्याच्या बारशाचं, बासष्ट सालचं. मी वाजवलं होतं. ठेका आठवला, तिहाई आठवली, सगळे हसले होते तेही आठवलं. शब्द आठवेनात. रोवण्यातल्या बाया मला पाहून जोरात म्हणतात तेच ते, हे माहीत आहे, पण चिखलाच्या चुबुक चुबुकीत मी कधी नीट ऐकलं नाही. धुरपतानं चूल फुंकायची थांबवली आणि हळूच म्हटलं:

जगाच्या पाळण्याले जवाई माझा ताल देई,
घरच्या पाळण्याची दोरी लेक अंगठ्याले बांधून राही.

माझ्या सासूचे शब्द. बाळंतपणाला आली तेव्हा तिनं पाहिलं होतं की लेक पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तांदूळ निवडते, आणि जावई दर दोन दिवसांनी ढोलकी घेऊन दुसऱ्याच्या बारशाला. मरळ रांधून वाढणारी ती बाई. तिनं अख्ख्या गावासमोर मला सांगितलं आणि मी वाजवत राहिलो. लोक हसले तेव्हा मीही हसलो. मला वाटलं होतं, तिहाई जमली म्हणून हसतात.

मी विचारलं, तू मला कधी सांगितलं का नाहीस?

"मी काऊन सांगू?" ती म्हणाली. "गान्यात सांगतलं होतं. मले वाटलं, ऐकलं असन आन् नाई म्हटलं असन."

तांदूळ तसेच सुपात राहिले. चंदाबाई म्हणाली होती, पाळण्यापाशी गायलेलं कोणी मोडत नाही. अख्ख्या गावात एकाच घरानं मोडलं, आणि ते घर ढोलकीवाल्याचं.

१९ मे

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी स्वतः पाणी भरलं. धुरपता म्हणाली, काय झालं, ताप आहे का?

२२ मे

आज तिनं सत्याचं सांगितलं. ते खाकी पाकीट सर्टिफिकेट नव्हतं. मास्तरणीच्या नोकरीची ऑर्डर होती. लग्नाआधी अर्ज केला होता, पत्ता इथला दिला होता. भद्रावतीपासून पाच मैलांवरची शाळा, बस जाते, पंचवीस जूनच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. जावयाचं म्हणणं, पगार चांगला आहे माझा, बायकोनं कशाला धक्के खावे? सत्यानं वाद घातला नाही. पुस्तकं तेवढी ट्रंकेत घालून आणली.

मी म्हटलं, मी जावयाशी बोलतो. धुरपता म्हणाली, तुम्ही ओसरीवर बसून बोलाल, ते ओसरीवर बसून हो म्हणतील आणि बसमध्ये बसतील. मला ते पटलं. मग तिनं आपलं म्हणणं सांगितलं. मी ते चालीत बसवायला लागलो तर म्हणाली, एवढं झाकू नका, सरळ ठेवा. चार वेळा खोडलं. पाचव्यांदा तिनं मान डोलावली.

२५ मे, रविवार

ऊन मरणाचं होतं, मांडवावर ओली पोती टाकली होती. विहीणबाई, जावई, दोन्ही मोहल्ले, चंदाबाई, मैना आपलं लेकरू घेऊन. वंदना झाली. जावयानं टेपरेकॉर्डर आणला होता. मी म्हटलं, असू द्या, त्यात भरून घ्या.

तीन कडवी ढोलकीवर झाली. चौथं आलं तेव्हा मी ढोलकी शालिकरामच्या हातात दिली आणि म्हटलं, वाजवू नको, नुसती धर. लोकांना वाटलं, म्हातारा थकला. हात रिकामे झाले. नुसत्या तोंडानं म्हटलं:

पाळण्याची दोरी धराले घरी आहेत चार हात,
विशाखाच्या मायले धाडा बाराखडीच्या शाळेत.

कुणी उचललं नाही. मला वाटलं, पुन्हा तेच झालं, आणि या वेळी लेकीचं नुकसान केलं. सत्या पाळण्याकडे पाहत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. मग मागं चुलीच्या बाजूनं एकच आवाज आला. धुरपताचा. तिनं पहिली ओळ म्हटली. दुसरी चंदाबाईनं उचलली. मग मैनानं, मग सगळ्यांनी, आणि मांडव नुसता घुमला.

जावयाचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी आईकडे पाहिलं. विहीणबाई पदर सावरून म्हणाल्या, "माझ्या लग्नात कोनी चौथं ठेवलंच नाई. ठेवलं असतं तं मी बी शिकली असती." आणि मुलाला म्हणाल्या, "दोन हात माझे. बाकी दोन तुले सांभाळता येते का?"

जावई हो म्हणाले. ओसरीवर नाही, मांडवात, सगळ्यांसमोर, आणि टेपरेकॉर्डर चालू होता.

२३ जून

जावयाचं कार्ड आलं. सत्या आज हजर होणार. पहिल्या दिवशी ते सायकलवर सोडायला जाणार आहेत. विशाखा आजीजवळ राहते. कार्ड मी धुरपताला दोनदा वाचून दाखवलं.

अजून नऊ जोडपी राहिली आहेत. चार ठिकाणचे निरोप आले. मी सांगून ठेवलंय की येताना आम्ही दोघं येऊ, ती आधी आत जाईल आणि मग मी.

दुपारी तिला म्हटलं, आपलं चौथं मी मोडलं, आता चोवीस वर्षांनी काय करू सांग. ती म्हणाली, आता काय करायचं राहिलं, पाळणा माळ्यावर गेला. मी हट्ट धरला. तेव्हा म्हणाली, "मले एक डाव समोर बसून गानं ऐकाचं हाये. आजपावतर सारं चुलीपासूनच ऐकलं."

मग मी ओसरीवर सतरंजी टाकली आणि तिला समोर बसवलं. चूल विझवली, दार ओढून घेतलं म्हणजे तिचं लक्ष आत जायला नको. ती अवघडून बसली, हात कुठं ठेवावे कळेना तिला. बापूरावांसारखं गळ्यातून येत नाही माझ्या, पण आमच्या लग्नाचं गाणं पहिल्यापासून म्हटलं. तीन कडवी झाली. मग सासूबाईंचं चौथं सावकाश म्हटलं. ढोलकी खुंटीवरच होती.

संपल्यावर मी विचारलं, कसं झालं?

"बेसूर," धुरपता म्हणाली. "पन आज तुमी ऐकलं."